सह्याद्रीत कॅमेरा ट्रॅप लावताना : उतार, दमट हवा, मुंग्या आणि नोंदी

सडेफटिंग

पाऊस उलगडला, वाटा वाळल्या की कॅमेरा ट्रॅपचे (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा, रानात बांधून ठेवायचा कॅमेरा) तेच ते प्रश्न दरवर्षी चार धाग्यांत विखुरतात. म्हणून हा एकच धागा. विषय फक्त कोयना, चांदोली, राधानगरी आणि तिथून खाली तिलारीपर्यंतच्या पट्ट्याचा. ताडोबाचे ठोकताळे इथे आणू नका. तिथे सपाट रुंद रस्ता, कोरडी हवा आणि भरपूर वाघ. इथे एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, मधे हातभर वाट, आणि वाघ म्हणाल तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला २०१० साली आणि कॅमेऱ्यात वाघ उमटला तो मे २०१८ मध्ये. इतक्या विरळ जागी वर्षाकाठी एखाददुसराच फोटो मिळणार. तो ओळख पटण्याइतका स्पष्ट नसेल किंवा त्यावरची तारीख चुकलेली असेल, तर मेहनत वाया.

परवानगीचं आधी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात अभ्यास, संशोधन किंवा छायाचित्रण करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. राखीव वनात उपवनसंरक्षकांचं पत्र घ्या. ‘फक्त एक कॅमेरा आहे’ म्हणून गुपचूप बांधून येणाऱ्यांनी हा धागा इथेच सोडावा. कॅमेरा जप्त होतो, आणि पुढे खरं काम करणाऱ्यांना परवानगी मिळेनाशी होते.

आता जागा. राष्ट्रीय व्याघ्रगणनेची पद्धत अशी : २ चौ. किमीचा चौकोन, म्हणजे बाजू साधारण १.४१ किमी, चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी, जमिनीपासून ३० ते ४५ सेंमी उंची, किमान २५ दिवस. नकाशावर चौकोन आखून मध्यबिंदूवर कॅमेरा लावणारे असतात. तसं करू नका. चौकोनाच्या आत आधी दोन दिवस नुसतं चाला. विष्ठा, ठसे, जमीन पंजांनी खरवडल्याचे ओरखडे, झाडावरच्या नखांच्या खुणा शोधा. बिबट्या आणि वाघ सोंडेच्या धारेवरून, खिंडीतून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालतात. दोन वाटा जिथे मिळतात ती जागा सगळ्यात चांगली. उठून गेलेल्या गावांच्या जुन्या बैलगाडीवाटा चांदोलीत अजून जनावरं वापरतात, त्या सोडू नका.

जोडी का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. एका जागी फक्त डावी कूस मिळाली, दुसऱ्या जागी फक्त उजवी, तर ते एकच जनावर की दोन, हे सांगता येत नाही. पट्ट्यांचा उपयोग किती, तर मे २०१८ चा तो वाघ २०२० मध्ये कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात ओळखला गेला. दोनशेहून जास्त किलोमीटरचा हा सह्याद्रीतला जंगलपट्टा वाघ पार करतो, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

---

कारवी

छान सुरुवात. उंचीबद्दल एक भर. ३०-४५ सेंमी हा आकडा सपाट जमिनीचा आहे. दरडीच्या बाजूला कॅमेरा बांधला की तो वाटेपेक्षा वर जातो आणि जनावराची पाठ तेवढी दिसते, पट्टे दिसत नाहीत. उंची झाडाच्या बुंध्यापासून मोजायची नाही, वाटेच्या पातळीपासून मोजायची. दरीच्या बाजूला बहुतेक वेळा झाड नसतंच. तिथे दगडांचा चबुतरा रचा किंवा लोखंडी कोनाचा दीड मीटरचा तुकडा निम्मा जमिनीत ठोका. जांभ्यावर ठोकणं शक्य नसतं, तिथे चबुतराच.

बांधल्यावर तपासणी : एकाने चार पायांवर रांगत वाटेवरून जायचं, दुसऱ्याने कॅमेऱ्याचा तपासणी दिवा बघायचा. उभं चालून तपासलं की दिवा लागतो आणि आपण खूश होतो. माणूस पावणेदोन मीटर उंच असतो हे विसरतो. पिसोरी हवी असेल तर २० सेंमीपर्यंत खाली या.

कारवीच्या दांड्याला कधीही बांधू नका (हो, मीच सांगतेय). वाऱ्याने हलते आणि कॅमेरा दिवसभर स्वतःच्याच हलण्याचे फोटो काढत बसतो.

---

घाटवाट_७१

दोन्ही कॅमेरे नाकासमोर नाक लावू नका. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो आणि फोटो पांढरा फटक. वाटेच्या लांबीत एक-दीड मीटर पुढेमागे सरकवा. वाटेच्या मध्यापासून तीन ते चार मीटर अंतर ठेवा. इथल्या वाटांवर एवढी जागा मिळत नाही, मग निदान अडीच. त्याहून जवळ गेलात तर गव्याचं नुसतं पोट येतं.

तोंड पूर्व-पश्चिम नको. सकाळी-संध्याकाळी सूर्य थेट भिंगात येतो. उत्तर-दक्षिण ठेवा.

आणि सेन्सर काय बघतो ते समजून घ्या म्हणजे निम्मे प्रश्न सुटतील. तो हालचाल बघत नाही, उष्णतेतला फरक सरकताना बघतो. म्हणून समोरून आडवं गेलेलं जनावर लगेच पकडतो, सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारं उशिरा. एप्रिल-मेच्या दुपारी कातळ जनावराच्या अंगाइतका तापला की फरकच उरत नाही, आणि समोरून अस्वल गेलं तरी कार्ड कोरं. ‘दुपारी जनावरं फिरत नाहीत’ हा निष्कर्ष अशा कार्डावरून काढू नये.

---

नवखा_नेचर

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. प्रश्न : पांढरा फ्लॅश की अवरक्त (इन्फ्रारेड)? दुकानदार ‘नो ग्लो’च घ्या म्हणतो.

---

सडेफटिंग

काय सिद्ध करायचंय त्यावर आहे. ‘या दऱ्यांत रानकुत्रे आहेत’ एवढंच हवं असेल तर अवरक्त पुरे. जनावर ओळखायचं असेल, म्हणजे वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके जुळवायचे असतील, तर पांढरा झेनॉन फ्लॅश. अवरक्तात रात्री शटर सावकाश चालतं, चालतं जनावर फिसकटतं आणि ठिपक्यांचा लगदा होतो. व्याघ्रगणनेत पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे वापरतात ते याचसाठी.

अवरक्तातही दोन जाती. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधुक लाल दिसतात पण लांब पोहोचतात. ९४० चे, म्हणजे दुकानदाराचे ‘नो ग्लो’, माणसाला दिसत नाहीत, पण पल्ला कमी आणि फोटोत दाणे जास्त.

---

कारवी

इथे थोडी असहमत. पांढरा फ्लॅश म्हणजे चोराला आमंत्रण. रात्री डुक्कर मारायला फिरणारा माणूस चमक बघून थेट कॅमेऱ्यापाशी येतो, आणि कार्डासकट कॅमेरा जातो. गावालगतच्या वाटांवर आणि मालकी रानात ९४० च बरा. आतल्या भागात पांढरा. मिश्र लावा, पण एका जोडीत दोन्ही कॅमेरे एकाच जातीचे ठेवा, नाहीतर डावी कूस लख्ख आणि उजवी धूसर.

लोखंडी पेटी आणि पीळदार तारेचं कुलूप घ्या. त्याने चोरी थांबत नाही, फक्त वेळ लागतो. जास्त उपयोग होतो तो पेटीवर मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीचा : वनविभागाच्या परवानगीने प्राण्यांच्या अभ्यासासाठी, माणसांचे फोटो ठेवले जात नाहीत. आणि चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य खरं असू द्या.

---

अंजनी

त्या शेवटच्या वाक्यावर जरा थांबू या, कारण यावर कोणी बोलत नाही. वाटेवर जनावरांपेक्षा जास्त येतात ती माणसं. सरपणाला, हिरड्याला, गुरांमागे. कॉर्बेटच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरा ट्रॅपमध्ये नैसर्गिक विधीला बसलेल्या एका बाईचा फोटो गावातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरला, आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. बायका कॅमेऱ्यांच्या भीतीने नेहमीच्या वाटा सोडून आत आत जायला लागल्या, आणि जंगलात मोठ्याने गाणं-बोलणं कमी झालं. म्हणजे वाघ आजूबाजूला असताना आवाज बंद. यातला धोका कोणालाही कळेल.

तेव्हा : कॅमेरा लावण्याआधी वाडीत जाऊन जागा सांगा, बायकांना वेगळं विचारा की कुठे नको. पाणवठा आणि वाडीलगतची झाडी टाळा. कार्ड वाडीत कोणाच्या लॅपटॉपवर उघडून ‘बघू काय आलंय’ करू नका. माणसांचे फोटो वर्गवारीत पहिल्याच फेरीत वेगळे काढा, मोजणीपुरता आकडा लिहा आणि फोटो पुसा. मेगाडिटेक्टर नावाचं, संगणकावर फोटो आपोआप छाटणारं मोफत प्रारूप आहे. ते रिकामे, प्राणी, माणूस आणि वाहन असे ढीग पाडून देतं. माणसांचा ढीग कोणीही न उघडता बाजूला होतो.

---

घाटवाट_७१

+१. अंजनीताईंचा प्रतिसाद मूळ लेखात घ्या.

आता पाणी आणि किडे. आंबोलीला वर्षाला ७००० मिमीच्या घरात पाऊस. कॅमेऱ्यावर ‘आयपी ६६’ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं म्हणून चार महिने बाहेर ठेवायचा नसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवा, ऑक्टोबरात परत लावा. पावसाळ्यात ठेवणं भागच असेल तर वर पत्र्याचं छोटं छप्पर, आणि पेटीच्या तळाचं पाणी जायचं भोक मोकळं.

पाणी आत जात नाही तरी भिंग का धुरकटतं? कॅमेरा सकाळी धुक्यात उघडला की दमट हवा आत कोंडते, रात्री गारठा पडला की तीच हवा भिंगाच्या आतल्या बाजूला बसते. कार्ड बदलायचं ते दुपारी, कोरड्या वेळी, आणि झाकण कमीत कमी वेळ उघडं. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, दर कार्डबदलीला नवी. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा केशरी हिरवे झाले, की संपले. ११० अंशाला दोन तास भट्टीत ठेवले की परत चालतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. घरच्या कढईत भाजू नका. झाकणाच्या रबरी कडेवर केस किंवा माती राहिली तर सगळं व्यर्थ, बोट फिरवून बघा आणि चिमूटभर सिलिकॉन ग्रीस लावा.

मुंग्या : कॅमेरा आणि लोखंडी पेटी यांच्या फटीत घर करतात, मग अंडी घेऊन बॅटरीच्या कप्प्यात जातात. स्क्रूची भोकं सिलिकॉन सीलंटने बुजवा, माइकचं भोक सोडून. डांबरगोळी, कापूर, फवारा काही नको. जनावर त्या वासाला थबकतं किंवा हुंगायला येतं, दोन्हीत नोंद बिघडते. कोळी मात्र सेन्सरसमोर जाळं विणतो आणि रात्री सगळे फोटो पांढऱ्या दोरांचे. त्यावर फडका हाच उपाय.

---

खवल्या

बॅटरीचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

आठ पेन्सिल सेल लागणाऱ्या कॅमेऱ्यात अल्कलाइन टाकले तर व्होल्टेज हळूहळू उतरतं. दिवसाचे फोटो येत राहतात, पण फ्लॅशला जोर पुरत नाही आणि रात्रीचे फोटो काळे. कार्डात भेकर, मोर, शेकरू भरपूर आणि रात्री एकही जनावर नाही, असं दिसलं तर आधी सेल बघा. रिचार्ज होणारे निकेल-मेटल १.२ व्होल्टचे, पण शेवटपर्यंत स्थिर. काही कॅमेऱ्यांना १.२ कमी वाटतं आणि ते भरलेल्या सेललाही ‘बॅटरी संपली’ म्हणतात, त्यामुळे आधी घरी दोन रात्री चालवून बघा. लिथियम महाग, हलके, सगळ्यात टिकाऊ. चार दिवसांची चाल असलेल्या जागी तेच. नवे-जुने मिसळू नका. एक कमजोर सेल बाकी सातांना खातो.

कार्ड ३२ जीबीचं पुरतं. जुन्या कॅमेऱ्यांना ६४ चं वाचताच येत नाही. फोटो ४ एमबीचा धरला तर ३२ जीबीत ८००० बसतात. समोर एक झुलतं गवताचं पातं असेल आणि तासाला ५०० फोटो निघत असतील, तर कार्ड सोळा तासांत फुल्ल, आणि उरलेले चोवीस दिवस कॅमेरा नुसता टांगलेला. कोयता घेऊन कॅमेऱ्यासमोरचं गवत जमिनीलगत साफ करा. झाड किंवा फांदी तोडायची नाही, परवानगीत ते बसत नाही. एप्रिलपर्यंत गवत वाळतं, पण वळिवानंतर आठ दिवसांत परत उभं राहतं, त्याचा हिशोब धरा.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नको.

---

नवखा_नेचर

आमिष ठेवलं तर? बाहेरच्या देशांत वासाचे पदार्थ वापरतात असं वाचलं.

---

सडेफटिंग

नाही. १९७२ च्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं, कलम २ (१६). पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणंही त्याच व्याख्येत आहे. धनेशाच्या ढोलीसमोर फांदी छाटून ‘स्वच्छ फ्रेम’ काढणाऱ्यांनी ते वाचावं. शिवाय आमिषाने मिळालेल्या फोटोवरून ‘ही वाट जनावर वापरतं’ असं म्हणता येत नाही, म्हणजे संवर्धनाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

---

अंजनी

कॅमेरा ट्रॅपशिवायचं दस्तऐवजीकरण राहून जातंय. वाघाचा फोटो सगळ्यांना हवा. पण ज्या फोटोंनी व्यवस्थापनाला काही ठरवता येतं ते बहुधा कंटाळवाणे असतात.

एक म्हणजे स्थिर बिंदूचे फोटो. चांदोलीतल्या उठलेल्या गावांची शेतं आता गवताळ माळ आहेत, गवा-सांबराची चरणं. तिथे झुडूप किती घुसतंय, रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली पसरणारी झुडपं कुठवर आली, जाळरेषेचं काय झालं, हे शब्दांत सांगून पटत नाही. खडकावर रंगाची खूण किंवा जमिनीत लोखंडी खुंटी. त्यावर तिपाई, भिंगाची उंची ठरलेली (समजा १.५ मीटर), होकायंत्राचे अंश लिहिलेले, भिंग एकच, उदा. ३५ मिमी, झूम असेल तर चिकटपट्टीने बांधून. चारही दिशांना एकेक फोटो. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरअखेर आणि मेच्या मध्यावर, त्याच आठवड्यात. जाताना मागच्या वर्षीच्या फोटोची छापील प्रत न्या आणि क्षितिजावरची डोंगराची कड तीवर जुळवा. मोबाइलच्या रुंद भिंगाने काढलेले फोटो दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मोबाइलने जुळत नाहीत, ही नेहमीची फसगत.

दुसरं, ठसे आणि विष्ठा. कॅमेरा बरोबर वरून, शेजारी १५ सेंमीची पट्टी, ठशाला न टेकता. सावलीत सपाट प्रकाशात ठसा दिसत नाही. कोवळ्या उन्हात या, किंवा टॉर्च जमिनीलगत आडवी धरा. एकच ठसा पुरत नाही, पाठोपाठचे चार घ्या.

---

घाटवाट_७१

तिसरं माझ्याकडून : फासकी. दुचाकीच्या क्लचच्या तारेची फास रानडुकरासाठी लावतात आणि बिबट्या अडकतो. दिसली की हात लावू नका. आधी दहा-पंधरा पावलांवरून आजूबाजूच्या झाडांसकट फोटो, मग जवळून पट्टीसकट, मग तार कशाला बांधलीय त्या गाठीचा. जीपीएसचा आकडा वहीत. वनरक्षकाला फोन, आणि पंचनामा होईपर्यंत तिथेच थांबा.

फोटो कोर्टात टिकवायचा असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, उजेड वाढवणं-कातरणं प्रतीवर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून संगणक काढतो तो तिचा ओळखआकडा) लिहावं लागतं. फाइल एक बिंदूने बदलली तरी हॅश बदलतो. म्हणून कार्ड उतरवल्याच्या दिवशीच एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून वहीत आणि मेलमध्ये. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकुंचन पावते, वेळ-जागेची माहिती गळते, ती पुरावा म्हणून निकामी. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

---

खवल्या

आणि याच ‘डॉक्युमेंट’ची दुसरी बाजू : त्यात जागाही जाते! खवल्या मांजराचा फोटो मित्रांच्या गटात डॉक्युमेंट म्हणून टाकलात तर बिळाचा पत्ताच दिलात.

बाहेर टाकायची प्रत वेगळी करा, एक्झिफटूल या संगणकी साधनाने फोटोत दडलेलं जीपीएस पुसा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर होते, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी एक बिंदू पडतो. पण त्याच दिवशी, दहा मिनिटांनी, तिथेच काढलेल्या साध्या फुलाची नोंद उघडी टाकली की धूसरपण संपलं. अशा दिवशीच्या सगळ्याच नोंदी धूसर करा. मागे देऊळ, धबधबा, मैलाचा दगड दिसत असेल तर जीपीएस पुसून उपयोग नाही.

आंबोलीच्या चट्टेरी भेकाचं (झँथोफ्रायनी टायग्रिना, २००९ मध्ये वर्णन झालेला) असंच. आंबोलीच्या सड्यांवरच्या उथळ डबक्यांत पहिल्या पावसात मोजके दिवस प्रजनन. जागा कळली की गर्दी, आणि गर्दीचे बूट त्याच डबक्यात. कातळावरच उभं राहून लांब भिंगाने काढा. पाण्यात पाय नको.

---

नवखा_नेचर

शेवटचा प्रश्न. पंचवीस दिवसांनी कार्डं आली, पुढे काय? वहीत काय काय लिहू?

---

कारवी

पुढेच खरं काम. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि फोटो निघाले ३,४८,५८,६२३. त्यात वाघाचे ७६,६५१, म्हणजे हजारात जेमतेम दोन. बाकी गुरं, माणसं, गवत, वारा.

लावतानाच पहिला फोटो पाटीचा : ठिकाणाचा क्रमांक, कॅमेऱ्याचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक, तारीख, आणि जीपीएसवरची वेळ सेकंदासकट. उतरवताना शेवटचा फोटोही तसाच. या दोन पाट्या असल्या की कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढेमागे झालं ते कळतं आणि सगळ्या फोटोंच्या वेळा एकदम सरकवता येतात. सेल बदलताना घड्याळ वर्षानुवर्षं मागे उडी मारतं, आणि १२ तासांच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळची गल्लत होते. काळेपांढरे फोटो दुपारी एकचे आणि शेकरू मध्यरात्री दिसलं की समजायचं काय झालंय.

वहीत : लावल्याची आणि उतरवल्याची तारीख, कॅमेरा शेवटचा चालू कधी होता, उंची, तोंड कुठल्या अंशाला, वाटेची रुंदी, कोणत्या खुणा बघून जागा निवडली. २० ठिकाणं ३० रात्री म्हणजे ६०० ट्रॅप-रात्री, पण एक ठिकाण बाराव्या रात्रीनंतर बंद पडलं असेल तर १८ वजा, ५८२. हा आकडा न लिहिता ‘आम्हाला बिबट्याचे ४० फोटो मिळाले’ म्हणण्याला अर्थ नाही. आणि ते ४० ही तसे मोजत नाहीत. एकच बिबट्या कॅमेऱ्यासमोर पाच मिनिटं बसला तर तीस फोटो निघतात. एकाच ठिकाणी एकाच प्रजातीच्या दोन नोंदींत निदान ३० मिनिटांचं अंतर असेल तरच त्या वेगळ्या धरायचा प्रघात आहे.

मूळ फोटोंची नावं बदलू नका. फोल्डरला ठिकाण_कॅमेरा_तारीख असं नाव द्या, आत कॅमेऱ्याने दिलेलीच नावं. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि परवानगीच्या पत्रात अहवाल कधी द्यायचा ते लिहिलेलं असतं. ती तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, कारण पुढच्या वर्षीचा अर्ज तिथेच अडकतो.

---

नवखा_नेचर

उतरवून घेतलं. पाटी पांढरी की काळी?

---

कारवी

काळी, खडूने. पांढरी फ्लॅशमध्ये कोरी दिसते.